मदत हवी आहे : लाठीचार्ज, लाठीमार की लाठीहल्ला?

नमस्कार. आजोबांनी १९४२ च्या चळवळीच्या आठवणी लिहून ठेवलेली वही मी सध्या टंकलिखित करीत आहे. एका पानावर त्यांनी ‘लाठी चार्ज’ असे तोडून लिहिले आहे, त्याच पानाच्या समासात पेन्सिलीने ‘लाठीमार’ अशी दुरुस्ती केली आहे, आणि पुढे सर्वत्र ‘लाठीहल्ला’ येतो. सामासिक शब्द जोडून लिहावा या नियमाने मी ‘लाठीचार्ज’ करावे, की त्यांचे मूळ लेखन जसेच्या तसे ठेवावे?

अर्थाचाही प्रश्न आहेच. इंग्रजीतील ‘चार्ज’ म्हणजे चाल करून जाणे. ‘मार’ म्हटले की फटका अंगावर बसलेला असतो. म्हणून हे शब्द मला समानार्थी वाटत नाहीत, आणि बातम्यांतील ‘सौम्य लाठीमार’ तर मनाला पटतच नाही. ‘लाठी’ संस्कृत ‘यष्टि’पासून प्राकृत ‘लट्ठि’मार्गे आली, ‘काठी’ मात्र ‘काष्ठ’पासून, एवढे जुळवले आहे. ‘लाठीमार’ या शब्दाचे स्वातंत्र्यपूर्व काळातील छापील मराठी दाखले कोणाकडे असल्यास, वर्ष आणि पूर्ण वाक्यासह कृपया द्यावेत.