सूट अंगाला चिकटला म्हणजे बसला का?

तिरका टाका
परवा एका सद्गृहस्थांचा सल्ला वाचला. सारांश असा: पुरुषाला एकच नेव्ही ब्लू सूट पुरतो, कापड 'सुपर 150'च्या खालचं घेऊ नये, फिटिंग अंगालगत असावं आणि एकदा घातला की सूट थेट ड्रायक्लीनला टाकावा. खाली वाहवांची रांग. दोन दिवस गप्प बसलो, आता राहवत नाही.

'सुपर'चा आकडा तंतूच्या बारीकपणाचा असतो, टिकाऊपणाशी त्याचा संबंध असलाच तर उलटा. सुपर 100 म्हणजे लोकरीचा तंतू जास्तीत जास्त 18.75 मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग) जाडीचा, 150 म्हणजे 16.25. बारीक तंतूचं कापड मऊ, झुळझुळीत, आणि लवकर विरणारं. पँटचं आसन आणि मांड्यांच्या आतली बाजू सगळ्यात आधी जाते. ज्याच्या कपाटात बारा सूट आहेत त्याने खुशाल 150 घ्यावं. ज्याला तुम्ही एकच घ्यायला सांगताय त्याला 150? त्याने 100-110 घ्यावं, जरा वजनदार, आणि कोटाबरोबर दोन पँटी शिवाव्यात, कारण कोटाच्या आधी पँट मरते.

'अंगालगत' तर विचारूच नका. बटण लावलं की पोटावर फुलीसारख्या चुण्या, लॅपल (कॉलरखालची छातीवर दुमडलेली पट्टी) छातीवरून उचललेला, मागे कॉलर मानेपासून बोटभर सुटलेली. त्या माणसाची आणि कोटाची झटापट चालू आहे आणि लोक त्याला 'स्मार्ट' म्हणताहेत! खांद्याची शिवण हाडाशी संपावी, कॉलर मानेला टेकावी, शर्टाचा कफ बाहीतून सेंटिमीटरभर दिसावा. बाकीचं शिंपी सांभाळून घेतो. खांदा मात्र दुरुस्त होत नाही.

ड्रायक्लीनबद्दल एवढंच: लोकरीला दर वेळी रसायनात बुडवायची गरज नसते. रुंद खांद्याच्या हँगरवर एक दिवस मोकळ्या हवेत लटकवा, ब्रश फिरवा, वाफ दाखवा, आणि लागोपाठ दोन दिवस घालू नका. वर्षातून एकदा, फार तर दोनदा ड्रायक्लीन. बास.

चुणीदार
तुमच्या पिढीचे लग्नातले फोटो पाहिलेत. दोन माणसं मावतील असे कोट, आणि पँटची मोहरी बुटावर तीन घड्या घालून बसलेली. त्यापेक्षा तंग परवडलं.
माझी पहिली मुलाखत मोठ्या भावाच्या सूटमध्ये झाली. 'खांद्यात बसतोय ना, मग झालं' असं घरचे म्हणाले. मुलाखत घेणाऱ्या बाईंनी पहिलाच प्रश्न विचारला, "वजन कमी केलंत का नुकतंच?" तेव्हापासून एक सूत जास्तीचं चालत नाही मला.

तिरका टाका
माझ्या पिढीबद्दल बोलायचं तर माझं लग्न अजून व्हायचंय. चालू द्या.

मुंढेकर
सैल की तंग हा वाद वरवरचा आहे. मुंढा बघा, मुंढा, म्हणजे बाही जोडतात तो काखेभोवतीचा काप. वडिलांचं आयुष्य शिलाई मशीनवर गेलं आणि माझं लहानपण मशीनखालच्या चिंध्यांत, म्हणून थोडं लांबण लावतो.

मुंढा खोल कापला की कोट घालून उभं राहिल्यावर ऐसपैस वाटतो. हात उचलला की बाहीबरोबर अख्खा कोट वर येतो. मुंढा उंच, काखेच्या जवळ घेतला तर हात मोकळा फिरतो आणि कोट जागच्या जागी राहतो. लोकांना हे उलटं वाटतं. तयार कोटात मुंढा सहसा खोल असतो, कारण एकाच मापात नाना तऱ्हेचे दंड घुसवायचे असतात. आणि खोल गेलेला मुंढा मागाहून वर नेता येत नाही, कापलेलं कापड परत येत नसतं. म्हणून वडील ट्रायलला आरशासमोर उभं करायचेच नाहीत. आधी खुर्चीत बसवायचे, समोरचा पाण्याचा पेला उचलायला लावायचे. गिऱ्हाईक वैतागायचं. कोट मात्र परत यायचा नाही.

आता धागाकर्त्यांना. 'खांदा दुरुस्त होत नाही' हे अर्धसत्य आहे. बाही उसवून, तीरा (खांद्यावरचा भाग) थोडा आत घेऊन, पॅड बदलून रुंद खांदा कमी करता येतो. काम किचकट, मजुरी भरपूर, म्हणून शहाणा शिंपी नाही म्हणतो. अरुंद खांदा वाढवता येत नाही हे खरं. आणि बहुतेकांचा एक खांदा दुसऱ्यापेक्षा उतरलेला असतो, तो कोणी बघतच नाही.

तिरका टाका
'होत नाही' याजागी 'होतो, पण नादी लागू नका' असे वाचावे. शिंपीपुत्रांचे आभार.

वाचनमात्र
अवांतर: सूटचे खिसे खोटे का असतात हो? चार वर्षं माझ्या कोटाला नुसती झाकणं. पेन ठेवायचं कुठे?

मुंढेकर
खोटे नाहीत. कोट दुकानात लटकून खिसे फेंगडू नयेत म्हणून कच्चा टाका घातलेला असतो. छोट्या कात्रीने हलकेच कापा. मागच्या चिरेवर फुलीसारखा दोरा असेल तर तोही काढायचा असतो.

वाचनमात्र
मागे फुली आहे. चार वर्षं. ती डिझाईन समजत होतो.

घामट
बाकी सगळं राहू दे, ड्रायक्लीनवर या. 'ब्रश फिरवा, हवेत लटकवा' हे सांगायला तुमचं काय जातं? ज्यांना घाम येत नाही त्यांचं हे काव्य आहे. मी अर्धा दिवस उभा राहून बोलतो, काखेपासून कंबरेपर्यंत भिजतो. ब्रशने वास जातो का? ब्रशने धूळ जाते. तुमच्याशेजारी बसणाऱ्यांना एकदा विचारा, ते सांगणार नाहीत म्हणा. भिडस्त असतात लोक.

तिरका टाका
वैयक्तिक पातळीवर यायची गरज नव्हती. तरी उत्तर देतो.
लोकर स्वतःच्या वजनाच्या सुमारे 30 टक्के बाष्प ओलसर न वाटता शोषते आणि नंतर सोडून देते. कोट कपाटात कोंबला नाहीत तर बराचसा दमटपणा आणि वास एका रात्रीत उडतो. खाली शर्ट असतो, शर्टाखाली बनियन असावं. घाम तिथे अडवायचा असतो.
आणि दर वेळच्या ड्रायक्लीनचं फळ मी भोगलंय. पहिला सूट पंधरवड्याला धुवायला जायचा. दीड वर्षात छातीवर फोड आले, अक्षरशः फोड, भिंतीचा रंग फुगतो तसे. आतलं बकरम, म्हणजे कोटाला ताठपणा देणारा थर, गोंदाने चिकटवलेलं होतं, ते सुटलं. उपाय शून्य.

मुंढेकर
त्यात सगळा दोष ड्रायक्लीनचा नाही. चिकटवणाराही कच्चा असतो. गोंदाला योग्य उष्णता आणि दाब मिळाला नसेल तर बकरम कधी ना कधी सुटणारच, धुलाई आणि प्रेसची उष्णता तो दिवस जवळ आणते इतकंच. नीट चिकटवलेले कोट वर्षानुवर्षं टिकलेले पाहिलेत. खरा आनंद बकरमऐवजी हातटाक्याने बसवलेल्या सुट्या थरात, कॅनव्हासमध्येच, पण 'चिकटवलं म्हणजे टाकाऊ' हा नखरा आहे.
ओळखायची रीत: खालच्या काजाच्या आसपास वरचं कापड आणि आतली पट्टी दोन्हीकडून चिमटीत धरून दूर ओढा. मधे तिसरा थर सुटा फिरतोय असं वाटलं तर कॅनव्हास.

घामट
नखरेवाल्यांना उत्तर मिळालं, माझ्या काखेचं काय? बनियन घाला म्हणे. बनियन घालूनच भिजतो. तुमची '30 टक्के' काखेला जाऊन सांगा.

दुहेरी काज
दोघेही थांबा. ड्रायक्लीनमध्ये नेहमीचा द्रव म्हणजे पर्क, टेट्राक्लोरोइथिलीन. तेल, वंगण, कॉलरचा मेणचटपणा तो उत्तम काढतो. पण घाम म्हणजे मुख्यतः पाणी आणि मीठ, आणि मीठ पर्कमध्ये विरघळत नाही. म्हणून चांगला धुलाईवाला त्यात बेताचं पाणी आणि खास साबण घालतो, नाहीतर काखेवर आधी पाण्याचा हात मारतो. जो हे करत नाही त्याच्याकडून कोट आला की पिशवीत वास नसतो, आणि घालून अर्ध्या तासात अंगाच्या उबेने तोच वास परत. घामट, तुमचा अनुभव हाच ना?
(पर्क हा माणसासाठी 'बहुधा कर्करोगकारक' असल्याचं आयएआरसी या आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेचं वर्गीकरण आहे. त्यामुळे कोट घरी आणल्यावर प्लॅस्टिकची पिशवी काढून हवेशीर जागी टांगावा. पिशवीसकट कपाटात नको.)

घामट
हो. हाच.
म्हणजे मी इतकी वर्षं मीठ तसंच ठेवून तेल काढत होतो. छान.

तिरका टाका
म्हणजे माझंच म्हणणं...

कसरग्रस्त
तुमचंही पूर्ण नाही. जरा थांबा. 'ब्रश फिरवा आणि ठेवा' या उपदेशावर मी वडिलांचा कोट घालवलाय.
गडद करडा, हातशिलाईचा. ते गेल्यावर मी तो खांद्यात थोडा सैल असूनही घालायचो. हिवाळा संपला, ब्रश मारला, देवदाराची गोळी खिशात टाकली, कपाटात ठेवला. पुढच्या थंडीत काढला तर लॅपलवर तीन आणि काखेखाली पाच भोकं. कसर! उडणारा पतंग काही खात नाही, त्याच्या अळ्या खातात, आणि त्यांना घाम नि डाग लागलेली लोकर जास्त आवडते. काखेखाली पाच, बघा म्हणजे. देवदाराचा वास ताजा असेपर्यंत थोडाफार उपयोगी, आतल्या अळ्यांना त्याने फारसा फरक पडत नाही.
तेव्हा रोजचं ड्रायक्लीन नको हे मान्य. पण मोसम संपल्यावर, ठेवायच्या आधी कोट स्वच्छ हवाच. हे वाक्य तुमच्या लेखात नाही.

तिरका टाका
'वर्षातून एकदा' लिहिलंय मी.

कसरग्रस्त
केव्हा ते लिहिलं नाहीत. मी ते एकदा हिवाळ्याच्या सुरुवातीला केलं होतं.

तिरका टाका
...बरोबर आहे. ठेवायच्या आधी, असं असायला हवं होतं. कोटाबद्दल वाईट वाटलं.

मुंढेकर
कसरग्रस्त, भोकं बुजवता येतात. पट्टीच्या आतलं किंवा शिवणीतलं लपलेलं कापड घेऊन त्यातल्या धाग्यांनी रफू. लॅपलवर मन लावून केलं तर शेजारच्यालाही दिसत नाही. कोट टाकू नका.

चुणीदार
कोटाचं मरण ऐकून मीही आज माझा काढला. बाजूने फोटो घेतला, घरच्यांनी हसत हसत घेतला. पाठीवर कॉलरखाली आडवी वळी आहे आणि मागची चीर मोकळी पडलीय, आत अस्तर दिसतंय. समोरून कधी कळलं नाही.
तरी सांगतो, भावाचा सूट यापेक्षा वाईट होता.

मुंढेकर
चीर उघडी म्हणजे सीटवर तंग. बाजूच्या शिवणीत दाब (आत दुमडलेलं जादा कापड) ठेवली असेल तर सोडता येईल. कॉलरखालची वळी म्हणजे तुमचा खांदा कोटाच्या खांद्यापेक्षा सरळ आहे, कॉलर उतरवून करतात ते. आणि खालचं बटण लावता का?

चुणीदार
लावतो. फोटोत लावलंय.

तिरका टाका
इंग्लंडचा राजा सातवा एडवर्ड जाडा झाला म्हणून ते सोडायची पद्धत पडली अशी आख्यायिका आहे...

मुंढेकर
आख्यायिका राहू द्या हो. आताच्या कोटाचा पुढा कापतानाच खालचं बटण लागणार नाही असं धरलेलं असतं. लावलं की सीटवर ओढ येते. चुणीदार, ते सोडून पुन्हा फोटो काढा, निम्मी चीर मिटेल.

चुणीदार
मिटली. कोणाला सांगू नका.

घामट
माझा प्रश्न बाजूलाच राहिला. ड्रायक्लीनने मीठ जात नाही, ब्रशने वास जात नाही, ठेवला तर कसर खाते. मग करू काय? कोट जाळू?

दुहेरी काज
काखेच्या जागी आतून, अस्तरावर, पाण्याने पिळलेलं फडकं टिपा, घासू नका. अस्तर रेशमी असेल तर आधी कोपऱ्यात करून बघा, पाण्याचे डाग पडतात. मग पंख्याखाली सुकवा. कोट धुलाईला द्याल तेव्हा पँटही बरोबर द्या, नाहीतर काही महिन्यांनी रंगात फरक दिसेल. आणि सांगून द्या, 'घाम आहे, पाण्याचा हात मारा'. कसरीची शंका असेल तर उणे 18 अंशांवर फ्रीजरमध्ये निदान आठवडाभर.

घामट
फ्रीजरमध्ये. कोट. घरात काय सांगू?

कसरग्रस्त
घडी करून, हवा काढून बंद केलेल्या पिशवीत ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडू नका, खोलीच्या तापमानाला येऊ द्या, नाहीतर कापडावर बाष्प धरतं. घरात मी 'प्रयोग' म्हणून सांगितलं होतं.

घामट
बरं. पण काखेला तुमचं फडकं पुरलं नाही तर पुढच्या आठवड्यात ड्रायक्लीनलाच देणार आहे, आणि इथे येऊन सांगणारही आहे.

वाचनमात्र
खिसे उघडले. एकात दुकानाचा टॅग होता.