हायकोर्टाच्या आदेशाला केराची टोपली; अवमान याचिका करावी का?

सुनीता_प: बाबा जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त. वेतननिश्चितीच्या फरकासाठी हायकोर्टात गेलो. तीन महिन्यांत रक्कम द्या, असा आदेश झाला. मुदत उलटून सात महिने झाले. कार्यालयात विचारलं की एकच उत्तर, ‘वरून मार्गदर्शन मागवलंय’. अवमान याचिकेने काही होतं का?

जुना_कारकून: ताई, होतं, पण आता थांबू नका. १९७१च्या अवमान कायद्याच्या कलम २० नुसार अवमान घडल्यापासून एक वर्षाची मुदत असते. तुमचं वर्ष तीन महिने संपले त्या दिवसापासून मोजायला घ्या. स्मरणपत्रं देत राहिल्याने ते वाढत नाही.

मी वकिलांकडे फायली सांभाळल्या आहेत. पहिला प्रश्न असतो पोचेचा. आदेशाची प्रमाणित प्रत दिली तेव्हा तुमच्या प्रतीवर आवक शिक्का, क्रमांक, तारीख घेतली होती का? आदेश जाणूनबुजून मोडला हे दाखवावं लागतं आणि ‘आमच्यापर्यंत आलाच नाही’ ही पळवाट तो शिक्का बंद करतो. याचिकेत नुसतं पद नको, अधिकाऱ्याचं नाव हवं. मधे बदली झाली असेल तर कोणाच्या काळात मुदत संपली तेही काढा. नाव आलं की फाईल हलते, हे मी पाहिलंय.

रानवाटा: शेवटी बिनशर्त माफीचं शपथपत्र देऊन सुटतात सगळे. आत कोण जातं?

जुना_कारकून: २००६ साली आपल्याच राज्याचे मंत्री स्वरूपसिंग नाईक आणि प्रधान सचिव अशोक खोत यांना सुप्रीम कोर्टाने एक महिन्याची कैद दिली. कोर्टाची मनाई असताना आरागिरण्यांना परवानगी दिली होती. २०२५ मध्ये आंध्रातल्या एका उपजिल्हाधिकाऱ्याला पदावनत करून तहसीलदार केलं, वर एक लाख दंड. हायकोर्टाचा आदेश डावलून त्याने गुंटूरमधल्या झोपड्या पाडल्या होत्या. अशी उदाहरणं कमी आहेत, हे मान्य. तो लाखाचा दंड म्हणजे सुप्रीम कोर्टाचा खास आदेश; एरवी अवमान कायद्याच्या कलम १२ मध्ये कैद सहा महिन्यांपर्यंत आणि दंड जास्तीत जास्त दोन हजार. म्हाताऱ्या माणसाचे हक्काचे पैसे अडवणाऱ्याला दोन हजारांचं काय वाटणार? हा आकडा बदललाच पाहिजे.

सुनीता_प: पोच आहे, शिक्क्यासकट. पण ते म्हणतात, अपील करणार आहोत.

जुना_कारकून: स्थगिती आणली आहे का, एवढंच विचारा. नसेल तर आदेश लागू आहे. वकिलांना याच आठवड्यात भेटा.