नववीच्या वर्गात ‘रीलमधलं शरीर’ यावर तास घ्यायचाय, नेमकं काय करू?

फळाखडू (कोल्हापूर)
४८ मुलंमुली, ४० मिनिटं. रील्स आणि जाहिरातींमधली उघडी, गुळगुळीत शरीरं बघून पोरं स्वतःला जोखतात. मुली डबा तसाच परत नेतात, मुलं प्रोटीन पावडर विचारतात. ‘अश्लील बघू नका’ छाप भाषण नको. वर्गात करून दाखवण्यासारखं सांगा. मुलंमुली वेगळे बसवू का?

चिठ्ठीपेटी
एकत्रच बसवा, नाहीतर मुलांना हा ‘मुलींचा विषय’ वाटतो. खाजगी प्रश्न बिननावी चिठ्ठीवर घ्या. नमुना म्हणूनही रील दाखवू नका. चूक समजावायला लावलेल्या चित्राशीही मुलं तुलनाच करतात.

त्यापेक्षा फोन आणि मोजपट्टी न्या. चेहरा तुमचाच, मुलांचा नको. आधी कॅमेऱ्याचा ब्युटी मोड बंद करा, बऱ्याच फोनमध्ये तो आपोआप चालू असतो. एक फोटो १२ इंचांवरून, दुसरा ५ फुटांवरून. मग दुसरा असा कापा की दोन्ही चेहरे सारख्याच आकाराचे दिसतील. हे राहिलं तर फरक कुणाच्याच लक्षात येत नाही. जवळच्या फोटोत नाक पसरट दिसेल. २०१८च्या एका अभ्यासात हा फरक सुमारे ३० टक्के निघाला होता. म्हणजे सेल्फीतलं नाक खरं नाहीच, हातभर अंतराचा तो खेळ. आता ब्युटी मोड चालू करून तिसरा काढा आणि एखादा तीळ किंवा व्रण शोधायला सांगा. बहुतेकदा पुसट झालेला असतो, कधी गायबच.

लालमाती
पोरांचं सांगतो. रीलमधला दंड सेट मारल्या मारल्या टिपलेला असतो, रक्त भरलेलं असताना. वरून तिरका लाईट, अंगाला तेल, आणि शूटिंगच्या आधी पाणी तोडलेलं. तासाभरात तोच दंड साधा दिसतो. खासबागेत उतरणाऱ्या पैलवानाच्या पोटाला लाईक मिळायचे नाहीत, पण ते पोट समोरच्याला उचलून टाकतं.

पावडरीचा हिशोब फळ्यावर मांडा. ५० किलोच्या व्यायाम करणाऱ्या पोराला दिवसाला ६० ते ८० ग्रॅम प्रोटीन भरपूर झालं. अर्धा लिटर दूध १६, दोन अंडी १२, मूठभर कोरडी मटकी भिजवली तर १० च्या आसपास, उरलेलं भाकरी-आमटी आणि रविवारच्या मटणातून. (मिसळीतली मटकी धरायची, तर्री नाही.)

इंजेक्शनचं मात्र स्पष्ट बोला. बाहेरून टेस्टोस्टेरॉन घेतलं की शरीर स्वतःचं बनवणं थांबवतं, अंडकोष आक्रसतात, छाती मुलीसारखी वाढू शकते. वाढत्या वयात हाडांची टोकं लवकर जुळतात आणि उंची कायमची अडते. पोरगं एक दिवस व्यायाम चुकला म्हणून चिडचिड करतंय, उन्हाळ्यातही ढगळा टी-शर्ट सोडत नाही, घरचं ताट ढकलतंय, तर ते निव्वळ वेड म्हणून सोडू नका. १९९७ पासून या आजाराला नाव आहे, मसल डिस्मॉर्फिया, म्हणजे कमावलेलं अंगही लुकडंच वाटत राहणं.

उभीआडवी
एक धोका कुणीच सांगितला नाही. मुलींना ‘नीट कपडे घाला’ म्हणालात की तास वाया गेला. रील शिकवतं, स्वतःकडे बघणाऱ्याच्या नजरेनं बघ. तो सल्लाही तेच शिकवतो. अमेरिकेत १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात विद्यार्थ्यांना एकट्यानं खोलीत, आरशासमोर, स्विमसूट किंवा स्वेटर घालून गणितं सोडवायला दिली. स्विमसूटमधल्या मुलींचे गुण घसरले, मुलांचे नाही. बघणारं कुणीच नव्हतं, तरी निम्मं डोकं आरशात अडकलं.

सेटिंगवाला
इन्स्टाग्रामच्या ‘कंटेंट प्रेफरन्सेस’मध्ये सुचवलेला मजकूर रीसेट करता येतो. पण पुढं तसल्या रीलवर थांबलं, रागानं कमेंट केली, तरी ती आवडच धरली जाते. बोट न थांबवता पुढं जायचं किंवा ‘नॉट इंटरेस्टेड’ दाबायचं.

फळाखडू
नाक माझंच देतो. डब्याचं काय करू?

चिठ्ठीपेटी
वर्गात विषय नको, वजन-काटा तर मुळीच नको. एकटीला गाठून ‘जेवलीस का?’ न विचारता ‘हल्ली दमतेस का?’ विचारा. तीन महिने पाळी नाही, प्रार्थनेत चक्कर, जेवून लगेच बाथरूम, यातलं एक जरी असेल तरी त्याच आठवड्यात आईला बोलवा आणि डॉक्टरकडे पाठवा. आई बिचकली तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर १४४१६ द्या. फुकट आहे, मराठीत बोलतात.