रवांडा: अनाथ मुलांसाठी चर्चमार्फत काम करताना काय जमतं, काय फसतं?

1994 च्या वंशसंहारानंतरच्या पुनर्वसनाचं काम माहीत असलेल्यांनी लिहावं. हळहळ नको, कामाचं सांगा.

नोंदवही
मुलांचे नातलग शोधायला भरायच्या फॉर्ममधला आडनावाचा रकाना आधी काढा. तिथे सहसा घराण्याचं आडनाव नसतं. सख्ख्या चार भावंडांची चार वेगळी नावं, शिवाय बाप्तिस्म्याचं निराळं. आपली माणसं सवयीने 'नाव, वडिलांचं नाव, आडनाव' मांडून बसतात आणि सख्खी भावंडं वेगवेगळ्या कुटुंबांत जातात. विचारायचं ते असं: टेकडी कुठली (तिथे पत्ता टेकडीवरूनच), पाणी कुठून आणायचात, गाईला काय हाक मारायचात? लहान पोराला आईचं नाव 'आई' एवढंच ठाऊक असतं. मग पॅरिशचं (त्या भागातल्या चर्चचं) बाप्तिस्मा रजिस्टर काढा. त्यात आईबापांबरोबर धर्ममाता-धर्मपित्याचं नाव असतं. ते हयात असले तर नातलगांचा धागा लागतो.

वरच्याला पुरवणी
रजिस्टर बघा, पण मुलाला चर्चमध्ये बोलावू नका. न्यामाता, न्तारामा इथे आसऱ्याला आलेल्यांची कत्तल चर्चमध्येच झाली. शाळेच्या पटांगणात बसा.

बांधकाम
थोरली बहीण धाकट्यांना सांभाळते अशा घरांसाठी. कच्च्या विटा (रुकाराकारा) जून ते ऑगस्टच्या उघडिपीतच पाडायच्या. तीन-चार दिवसांनी कडेवर उभ्या करायच्या आणि पुढे दोन-तीन आठवडे वाळू द्यायच्या. घाई केली की भिंत बसते. जोतं दगडाचंच हवं, हातभर तरी उंच. वीट थेट मातीवर रचली तर पागोळ्यांचे शिंतोडे पहिल्याच पावसाळ्यात खालचा थर खातात. म्हणून पत्राही भिंतीबाहेर दीड-दोन फूट काढा. पैसे अपुरे पडले तर गिलावा वगळा, पण दार आणि आतली कडी वगळू नका. घरात एकट्या मुली असतात.

पण जागा कोणाची?
हे विटांच्या आधी बघा. आईबापांची जमीन बहुधा काका कसत असतो. घर उभं राहिलं की 'माझ्या जागेवर' म्हणतो. 1999 च्या कायद्याने मुलींनाही वारसाहक्क मिळाला, पण तो सांगणारं कुणी हवं. शेजारच्या चौघांसमोर हद्द दाखवून कागद करा, मगच पत्रे उतरवा.

शेळी
एका मुलाला नाही, घराला द्या. नाहीतर भावंडांत भांडणं लागतात. गोठा आधी, जमिनीपासून उचललेला, फळ्यांचा. ओल्यात बांधलेली शेळी टिकत नाही. पहिली पाट (मादी करडू) पुढच्या घराला जाईल हे शेळी देतानाच ठरवा. नंतर मागायला गेलात तर ती 'मेली' असते.