केमोनंतर रात्री-बेरात्री तब्येत बिघडली तर? अनुभव लिहा

आईच्या केमोच्या दुसऱ्या सायकलनंतरचा (फेरीनंतरचा) दहावा दिवस. रात्री अकराला तिला हुडहुडी भरली, ताप १०१. मी पॅरासिटामॉल दिली, घाम येऊन ताप उतरला, आम्ही झोपलो. सकाळी वरचं बीपी ७०. पांढऱ्या पेशी तळाला गेल्या होत्या आणि इन्फेक्शन रक्तात पसरलं होतं. गोळीने ताप फक्त झाकला गेला. आठ दिवस आयसीयू. फाइलच्या शेवटच्या पानावर '१००.४च्या वर ताप आल्यास ताबडतोब या' असं इंग्रजीत छापलेलं होतं, पण डिस्चार्ज देताना कुणी तोंडाने सांगितलं नाही. आईला इंग्रजी येत नाही. तुमच्याकडे असं झालं तेव्हा हॉस्पिटलने काय केलं?

सांगलीकडून
बाबांची केमो मुंबईला, आम्ही तालुक्याच्या गावी. ताप आल्यावर जवळचा दवाखाना गाठला, तर 'कॅन्सरचा पेशंट आहे, मुंबईलाच न्या.' सात-आठ तासांचा रस्ता! शेवटी मुंबईच्या डॉक्टरांना फोन लावून तो इथल्या डॉक्टरांच्या हातात दिला. शिरेतून अँटिबायोटिक सुरू झालं तेव्हा पहाटेचे चार वाजले होते. आता चिठ्ठीच लिहून घेतली आहे: कोणती केमो, कोणत्या तारखेला, ताप आला तर आधी सीबीसी (रक्तपेशी मोजायची तपासणी), कोणतं इंजेक्शन. लॅमिनेट करून बाबांच्या खिशात असते.

इंग्लंडहून
इथे नवऱ्याला पहिल्याच दिवशी अलर्ट कार्ड (केमो चालू आहे हे सांगणारं) आणि चोवीस तासांचा फोन नंबर मिळाला. रात्री दोनला फोन केला. नर्सने ताप, थंडी, श्वास, जुलाब असं एकेक विचारलं आणि म्हणाली, निघाच. दारात कार्ड दाखवल्यावर रांगेत बसवलं नाही, तासाच्या आत अँटिबायोटिक लागलं.

नाशिकहून
आमच्याकडे ताप नव्हता. ताईचा ब्रेस्ट कॅन्सर हाडांत गेलेला, पाठ दुखायची. एका संध्याकाळी चालताना पायातली चप्पल निसटली आणि तिला कळलंच नाही. ती तशीच चार पावलं पुढे गेली. रात्री लघवी अडली. कॅज्युअल्टीतल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी चपलेचं ऐकलं मात्र, लगेच स्टेरॉइड दिलं, रात्रीच एमआरआय केला. मणक्यातल्या गाठीचा मज्जारज्जूवर दाब आला होता. दुसऱ्या दिवशी रेडिएशन सुरू. ताई आज काठी घेऊन का होईना, स्वतः चालते. त्या बाईंचे उपकार फिटायचे नाहीत.

धागाकर्ती
सांगलीकर, नाव-नंबर झाकून त्या चिठ्ठीचा फोटो टाकाल का? परवा आईची चौथी सायकल आहे. डॉक्टरांकडून तशीच लिहून घेते, मराठीतून.