आईवडिलांच्या घरात कॅमेरा बसवावा का, आणि बसवला तर कोठे?

गावभागची लेक (सध्या पुणे):

माझे आईवडील सांगलीत, गावभागातील आमच्या जुन्या घरी दोघेच राहतात. बाबांनी पंचाहत्तरी ओलांडली आहे, आईला मधुमेह आहे, आणि या पावसाळ्यात ती न्हाणीघराच्या उंबऱ्याशी घसरून पडली. हाड मोडले नाही, परंतु बाबा त्या वेळी भाजी आणायला गेले होते आणि ते परत येईपर्यंत ती तशीच ओल्या फरशीवर बसून होती. हे कळल्यापासून बेंगळुरूला असलेल्या माझ्या धाकट्या भावाने घरात तीन वायफाय कॅमेरे बसवायचे ठरवले आहे : एक सोप्यात म्हणजे पुढच्या बैठकीच्या भागात, एक स्वयंपाकघरात आणि एक आईबाबांच्या झोपण्याच्या खोलीत.

बाबांचा याला ठाम विरोध आहे. “दारावर हवा तर लावा, घरात नको. मी घरात बनियनवर बसतो, तुझी आई दुपारी केस मोकळे सोडून पडते, ते कोणी पाहायचे कारण नाही,” असे ते म्हणतात. भावाचे म्हणणे असे की, पाहणार ती त्यांचीच मुले आहेत, मग संकोच कसला. आई दोघांच्या मध्ये गप्प आहे, आणि तिचे गप्प राहणे मला होकारासारखे वाटत नाही.

मला भावाची काळजी खोटी वाटत नाही आणि बाबांचा हट्टही हट्ट वाटत नाही. म्हणून जाणकारांना विचारते. या कॅमेऱ्यांचे चित्रण आम्हा भावंडांखेरीज आणखी कोण पाहू शकते? सकाळी पोळ्यांना एक मावशी येतात, त्यांना कॅमेऱ्याबद्दल सांगणे आवश्यक आहे का? आणि कृष्णेला पूर येऊन वीज जाते तेव्हा या यंत्रांचा काही उपयोग होतो का? कारण आम्हाला खरा घोर त्याच दिवसांत असतो.

कॅमेऱ्यांची कामे करणारा, मिरज:

ताई, मी याच व्यवसायात आहे, त्यामुळे कॅमेरे विकले जावेत यातच माझा फायदा आहे. तरीही तुमच्या घरात तीन कॅमेरे बसवू नयेत असेच माझे मत आहे.

पहिली गोष्ट अशी की, आई पडल्या त्या ठिकाणी कॅमेरा बसवताच येणार नाही. वयस्कर माणसे घसरतात ती बहुधा न्हाणीघरात, शौचालयाच्या वाटेवर किंवा रात्री अंथरुणातून उठताना. सोप्यातल्या आणि स्वयंपाकघरातल्या कॅमेऱ्याला यातले काहीच दिसले नसते. शिवाय कॅमेरा माणसाला उठवत नाही. पुण्यात किंवा बेंगळुरूत कोणीतरी त्याच वेळी फोन उघडून पाहिला तरच कळते, आणि कळल्यावरही शेवटी शेजाऱ्यालाच फोन करावा लागतो. म्हणून खर्च करायचाच असेल तर आधी न्हाणीघरात भिंतीला धरायचा स्टीलचा दांडा, फरशीवर न घसरणारी चटई आणि उंबऱ्याशी रात्रभर जळणारा छोटा दिवा, एवढे करून घ्या. त्याबरोबर बिनतारी बेल घ्या. तिचे बटण न्हाणीघरात गुडघ्याच्या उंचीवर लावावे, म्हणजे खाली पडलेल्या माणसाचाही हात पोहोचतो. गावभागात घराला घर लागून असते, तेव्हा बेलचा वाजणारा भाग शेजाऱ्यांच्या संमतीने त्यांच्याकडे ठेवता येतो. जुन्या दगडी भिंतींतून तिचा संदेश कमी पोहोचतो, त्यामुळे दुकानदाराकडून ती आणून आधी वाजवून पाहावी आणि मगच पैसे द्यावेत.

आता तुमचा मूळ प्रश्न, चित्रण कोण पाहते. वायफाय कॅमेऱ्याचे चित्रण एकतर आतल्या मेमरी कार्डावर साठते किंवा क्लाउडवर, म्हणजे कंपनीच्या सर्व्हरवर. क्लाउडवर ठेवलेले चित्रण कंपनीच्या कर्मचाऱ्यांना दिसणारच नाही, असे गृहीत धरू नये. अमेरिकेतील फेडरल ट्रेड कमिशन या ग्राहकहित पाहणाऱ्या सरकारी संस्थेने २०२३ साली घरगुती कॅमेरे विकणाऱ्या, ॲमेझॉनच्या मालकीच्या ‘रिंग’ कंपनीवर हाच आरोप ठेवला होता की, तिच्या कर्मचाऱ्यांना आणि कंत्राटदारांना ग्राहकांचे खासगी चित्रण पाहता येत होते; ते प्रकरण ५८ लाख डॉलर देऊन मिटवण्यात आले. मेमरी कार्डाचा पर्याय अधिक चांगला, परंतु बाहेरगावी बसून थेट चित्र पाहायचे म्हटले की बहुतेक कॅमेरे कंपनीच्या सर्व्हरमार्फतच जोडले जातात, हे विसरू नये.

दुसरा धोका पासवर्डचा आहे. २०१६ साली ‘मिराई’ नावाच्या घातक प्रोग्रॅमने कारखान्यातून आलेला पासवर्ड तसाच ठेवलेले असंख्य कॅमेरे आणि डीव्हीआर (चित्रण साठवणारी यंत्रे) ताब्यात घेतले आणि त्यांच्या जोरावर मोठमोठ्या संकेतस्थळांवर हल्ले केले. आपल्याकडे फेब्रुवारी २०२५ मध्ये राजकोटच्या एका प्रसूती रुग्णालयाच्या कॅमेऱ्यांत शिरून चोरलेले महिलांच्या तपासणीचे चित्रण यूट्यूब आणि टेलिग्रामवर विक्रीला आल्याचे उघड झाले. त्या तपासात अटका महाराष्ट्रातूनही झाल्या, म्हणजे हे प्रकार आपल्यापासून फार दूरचे नाहीत.

तिसरी गोष्ट ग्राहक कधीच विचारत नाहीत, आणि मला तीच सर्वांत महत्त्वाची वाटते. कॅमेरा बसवणारा माणूस पुष्कळदा घाईत स्वतःच्या ईमेलवर किंवा मोबाइल क्रमांकावर खाते उघडतो, ग्राहकाला फक्त ‘शेअर’ करून देतो आणि निघून जातो. त्यानंतर त्या कॅमेऱ्याचा मालक कागदोपत्री तुम्ही असलात तरी ॲपमध्ये तो असतो. म्हणून काम होताना समोर बसून खाते बाबांच्या क्रमांकावर उघडून घ्या, ओटीपी त्यांच्या फोनवर येऊ द्या, दुहेरी पडताळणी सुरू करा आणि तुम्ही दोघे भावंडे त्यात पाहुणे सदस्य म्हणून या. कधी बंद करायचे, कोणाचे नाव काढायचे, हे बाबांच्या हाती राहते. घर त्यांचे आहे.

नवा कॅमेरा घेताना हेही विचारावे की, त्याची केंद्र सरकारच्या सुरक्षा निकषांनुसार तपासणी झाली आहे का. ९ एप्रिल २०२५ पासून ही अट लागू झाली आहे, परंतु त्याआधीचा जुना माल अजूनही दिसतो, तेव्हा केवळ स्वस्त मिळतो म्हणून घेऊ नये. आवाज टिपणारा माइक मात्र पहिल्याच दिवशी बंद करावा. चित्रापेक्षा बोलणे अधिक खासगी असते, असा माझा अनुभव आहे.

पुराबद्दल थोडक्यात सांगतो. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ मध्ये आपण सर्वांनी पाहिलेच आहे. वीज गेली की राउटर बंद, आणि राउटर बंद की कॅमेरा आंधळा. राउटरसाठी छोटा यूपीएस मिळतो आणि तो काही तास चालतो, पण बाहेरची केबल किंवा टॉवर बंद पडला तर त्याचाही उपयोग नाही. त्या दिवसांसाठी माणसांचीच सोय लावून ठेवावी लागते : आईबाबांना पाणी चढण्याआधी कोणाकडे, कोणाच्या गाडीतून न्यायचे, हे जूनमध्येच ठरलेले असावे.

निवृत्त शिक्षिका, सातारा:

मी शाहूपुरीत एकटी राहते. मुलाने माझ्या बैठकीच्या खोलीत कॅमेरा बसवला तेव्हा मी नको म्हटले नव्हते, कारण त्याच्या मनातली भीती मला दिसत होती. तुमच्या आईच्या गप्प राहण्याबद्दल तुम्ही लिहिले आहे, म्हणून मुद्दाम लिहिते.

कॅमेरा आल्यावर घरातले माझे वागणे हळूहळू बदलले. मी दुपारी तेथे आडवी होणे सोडले. पूर्वी भाजी निवडताना मी मोठ्याने अभंग म्हणत असे, तेही थांबले. शेजारच्या दोघी संध्याकाळी येऊन बसत आणि सुनांची, दुखण्यांची, पैशांची मनमोकळी बोलणी होत. कॅमेरा पाहिल्यावर त्या दारातूनच बोलून जाऊ लागल्या. एकट्या राहणाऱ्या बाईच्या दृष्टीने हे नुकसान लहान नाही. एकदा मुलाने फोन करून “आज जेवायला उशीर का केलास?” असे विचारले. त्याने ते प्रेमानेच विचारले, पण माझ्या हातातला घास थांबला. आयुष्यभर मी मुलांना शिस्त लावली आणि आता मी स्वतः वर्गात मागच्या बाकावर बसलेल्या मुलीसारखी, कोणी पाहते आहे का याचा अंदाज घेत जेवत होते.

मी मुलाला स्पष्टपणे सांगितले आणि त्याने ते समजून घेतले. आता कॅमेरा पुढच्या दाराच्या बाहेर आहे. रोज सकाळी चहा झाला की मी त्याला एक संदेश पाठवते आणि ठरलेल्या वेळेपर्यंत संदेश गेला नाही तर मुलगा आधी मला आणि मग वरच्या मजल्यावरच्या कुटुंबाला फोन करतो. यात माझी खबर त्याला मिळते, परंतु ती मी देते. हा फरक तुमच्या भावाला नक्की सांगा. आईला मात्र भाऊ आणि बाबा समोर नसताना एकटीला विचारा. आमच्या पिढीतील बायका सर्वांसमोर आपले मत सांगत नाहीत.

विश्रामबागेतील रहिवासी:

वरील दोन्ही मतांचा आदर राखून थोडे वेगळे लिहितो. माझ्या वडिलांना स्मृतिभ्रंश आहे. ते गॅस चालू ठेवून विसरतात आणि पहाटे कडी काढून बाहेर जातात. आमच्या घरी कॅमेरे आहेत आणि त्यांच्यामुळे ते वेळेत सापडले आहेत. ज्यांना स्वतःचा निर्णय घेता येतो त्यांना विचारणे योग्यच आहे, परंतु प्रत्येक घराची अवस्था तशी नसते. दुखणे वाढते तेव्हा हा प्रश्न पुन्हा उघडावा लागतो, एवढे तरी भावंडांनी आताच आपसांत बोलून ठेवावे. आमच्याकडेही कॅमेरे सोप्यात आणि दाराशीच आहेत, झोपण्याच्या खोलीत नाहीत.

वकिली करणारा, सांगली:

कायद्याच्या अंगाने काही गोष्टी स्पष्ट करतो. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक विदा (डेटा) संरक्षण कायदा एखाद्या व्यक्तीने निव्वळ वैयक्तिक किंवा घरगुती कारणासाठी केलेल्या वापराला लागू होत नाही. त्यामुळे मुलाने घरात कॅमेरा लावला म्हणून वडिलांना त्या कायद्याखाली दाद मागता येईल, असे दिसत नाही. कंपनीची गोष्ट वेगळी. ती ग्राहकांची माहिती साठवते, म्हणून तिच्यावर जबाबदाऱ्या येतात. मात्र या कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून मुख्य तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू व्हायच्या आहेत, हे लक्षात ठेवावे.

पोळ्यांना येणाऱ्या मावशींना सांगितलेच पाहिजे, असे माझे मत आहे. न्हाणीघर, कपडे बदलण्याची जागा, झोपण्याची खोली येथे कॅमेरा असेल तर प्रश्न केवळ सौजन्याचा राहत नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ ई नुसार एखाद्याच्या शरीराच्या खासगी भागाचे चित्र संमतीविना टिपणे किंवा पसरवणे हा गुन्हा असून, त्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. स्त्रीचे खासगी अवस्थेत चोरून चित्रण करणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७७ खालीही गुन्हा आहे. मावशी पदर नीट करायला किंवा ओले कपडे बदलायला ज्या कोपऱ्यात जातात, तो कोपरा कॅमेऱ्याच्या टप्प्यात येतो का, हे बसवताना कोणीही पाहत नाही. ते पाहावे, आणि त्यांना कॅमेरा दाखवून ठेवावा.

तुमच्या बाबांना एक गोष्ट आवर्जून सांगा. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा एकमुखी निर्णय दिला. त्या खटल्यातील मुख्य याचिकाकर्ते न्यायमूर्ती के. एस. पुट्टस्वामी हे कर्नाटक उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायाधीश होते, आणि २०१२ मध्ये याचिका दाखल करताना त्यांनी वयाची ऐंशी वर्षे ओलांडली होती. त्यांचा वाद सरकारशी होता आणि तुमच्याकडे प्रश्न घरातला आहे, हे खरे. परंतु म्हातारपणी खासगीपणाचे काय एवढे, असे जे म्हणतात त्यांना हे उदाहरण माहीत असावे.

गावभागची लेक:

सर्वांचे मनापासून आभार. आईला काल एकटीला विचारले. ती म्हणाली, “दारावरचा चालेल, म्हणजे बेल वाजली की उठून जाण्याआधी कोण आहे ते कळेल. आतले नकोत.” भावाला हे सर्व वाचायला पाठवले आहे. तो दारावरच्या एका कॅमेऱ्याला आणि न्हाणीघरातल्या बेलला तयार झाला आहे, मात्र रात्री दोघांपैकी कोणी उठून पडले तर काय, हा त्याचा प्रश्न कायम आहे. मिरजेच्या दादांना विचारते : चित्र न घेता एवढेच कळेल असे काही मिळते का? आणि आमचे दार अरुंद बोळात उघडते, समोरच्यांचा सोपा थेट दिसतो, त्याचे काय करावे?

कॅमेऱ्यांची कामे करणारा, मिरज:

मिळते. दाराच्या चौकटीला लावायचा चुंबकी सेन्सर असतो. दार उघडले-मिटले एवढीच नोंद तो फोनवर पाठवतो. झोपण्याच्या खोलीच्या दाराला एक आणि न्हाणीघराच्या दाराला एक लावला, तर रात्री न्हाणीघराचे दार उघडून बराच वेळ खोलीकडे कोणी परतले नाही, हे त्यावरून लक्षात येते. काही संचांत ठरावीक वेळाने इशारा देण्याची सोय असते, ती आहे का हे घेताना तपासा. खोलीत अंथरुणाजवळ बेलचे दुसरे बटणही ठेवा, एकाच यंत्रावर अनेक बटणे चालतात.

बोळासाठी कॅमेरा चौकटीवर उंच लावून खाली उंबऱ्याकडे झुकवावा. बहुतेक ॲपमध्ये चित्राचा नको असलेला भाग काळा करण्याची सोय असते, समोरच्यांचा सोपा तसा झाकून टाका. ते करण्याआधी त्यांना बोलावून फोनवर दाखवा की, आमच्या कॅमेऱ्यात तुमचे दार दिसत नाही. बेलचा वाजणारा भागही शेजाऱ्यांकडेच ठेवायचा आहे, तेव्हा दोन्ही गोष्टी एकाच भेटीत बोलून घ्या.