जुनी पिकअप घाटात झुलते, काय बदलावं? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. आमची पिकअप २०११ ची आहे, पुढे-मागे सस्पेन्शनला पाटेच (लीफ स्प्रिंग). नारायणगावहून टोमॅटो भरून माळशेजमार्गे वाशीला जाते. साधारण ६० क्रेट, म्हणजे १२०० किलो माल.

भरलेली गाडी घाटातल्या वळणावर बाहेरच्या बाजूला कलते आणि सावरायला वेळ घेते. रिकामी परतताना उलटं: खड्ड्यात मागचा भाग उडतो आणि स्टेअरिंग हातात थरथरतं. गाडी भाऊ चालवतो, रात्रीची फेरी असते, त्यामुळे घरात सगळ्यांनाच घोर लागून राहतो.

रविवारी स्वतः खाली शिरून पाहिलं. मागच्या डाव्या शॉकअपवर (गाडीचं उसळणं आवरणारा शॉक अॅब्सॉर्बर) तेलाचा ओघळ आहे. शॅकलचे (पाट्याचं टोक चासीला जोडणारी कडी) रबरी बुश इतके झिजलेत की टॉमी (लोखंडी पहार) लावली की पाटा खटकन हलतो. टायर आतल्या कडेने जास्त खाल्लेत.

मिस्त्री म्हणतात, मागे एकेक पाटा वाढवा. मला पटत नाही. भरलेली गाडी दबायची कमी होईल, पण रिकामी आणखी उडेल. माझ्या मते आधी बुश, चारही शॉकअप, पाटा अॅक्सलला आवळणारे यू-बोल्ट घट्ट करणं आणि शेवटी चाकांची अलाइनमेंट.

ज्यांनी हे काम केलंय त्यांनी सांगा: शॉकअप तेलाचे घ्यावेत की गॅसचे? मागे अँटी-रोल बार (दोन्ही बाजू जोडून कलणं रोखणारा दांडा) बसवून कलणं खरंच कमी झालं का? फक्त वजन आल्यावर टेकणारा हेल्पर पाटा कुणी लावलाय का? किंग पिनमधली (पुढचं चाक जिच्यावर वळतं ती पिन) ढील घरी कशी तपासायची, तेही सांगा. पुढच्या तोड्याआधी काम उरकायचंय.